कापडाखालचा हात

(घनसावंगी येथील स्मृती व्याख्यानमालेत एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी कधी पाहिलं नाही. निमंत्रण आलं तेव्हा मी त्यांच्या सूनबाईंना फोन करून एवढंच विचारलं, की गुरुजी शेवटी शेवटी कसे होते? त्या म्हणाल्या, "सिस्टर, ज्यांनी अर्ध्या गावाला वाचायला शिकवलं, त्यांना शेवटची चार वर्षं पेपर वाचता येत नव्हता." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शिबिराची गाडी दोनदा गावात येऊन गेली. पहिल्या वेळी गुरुजी घराबाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी गाडीत बसले, पण गाडी अंबडला चहासाठी थांबली तिथे उतरले आणि एसटीने घरी परतले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता या वयात कशाला?" सूनबाई म्हणाल्या, "ते घाबरले होते. पण जन्मभर पोरांना 'भिऊ नका' सांगितलेल्या माणसाने 'मी भितो' असं कुणाजवळ म्हणायचं?"

माझा विषय तिथेच ठरला. डोळ्याच्या ऑपरेशनची भीती आणि ती कमी कशी करायची, याबद्दल मी आज बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बावीस डोळ्यांच्या थिएटरमध्ये. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केल्या. मी औजारं हातात दिली, थेंब घातले आणि हिरव्या कापडाखाली माणसांचे हात धरले. त्या हातांनी मला जे शिकवलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या तालुक्यापासूनच करू. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, साल १६०८. लग्नमंडपातून निघून गेलेला नारायण, म्हणजे पुढचे रामदास, चोवीस वर्षांनी जांबेला परतला, अशी कथा रामदासी परंपरेत सांगतात. तोवर आई राणूबाईंची दृष्टी गेलेली होती. दारात कुणी गोसावी आला आहे असंच त्यांना वाटलं. मग आवाजाची ओळख पटली, मुलाने आईच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि आईला दिसू लागलं. चमत्कार म्हणून कुणी ही कथा मानेल, कुणी मानणार नाही. मला तिच्यातला क्रम मोलाचा वाटतो. राणूबाईंना मुलगा आधी दिसला नाही. आधी त्याचा आवाज आला, मग हात आला, आणि दिसणं सगळ्यांत शेवटी आलं. डोळ्याच्या टेबलावर पडलेल्या माणसाचंही असंच असतं. त्याचा चेहरा झाकलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याजवळ आवाज आणि हात या दोनच वाटा उरतात.

भीती ही काही आजची गोष्ट नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. ऋतू फार उष्ण नको, फार थंड नको. रुग्णाला बसवावं, जखडून ठेवावं आणि त्याने आपल्या नाकाकडे पाहत राहावं. त्या वेळी त्याने ढेकर देऊ नये, खोकू नये, शिंकू नये, थुंकू नये, अंग थरथरू देऊ नये. भुलीचं औषध नव्हतं त्या काळातल्या या सूचना. नाकाकडे पाहायला सांगितलं ते नजर स्थिर राहावी म्हणून, हे खरंच. पण त्यामुळे भ्यालेल्या माणसाला करायला एक काम मिळतं, हेही खरं. मला त्यात मोठं शहाणपण दिसतं.

पुढे कित्येक शतकं धरून ठेवणं हाच एक उपाय होता. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने दाखवून दिलं की कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो. तेव्हापासून दुखणं आवरता आलं. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे कण डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची रीत काढली. आपण तिला फेको म्हणतो. जखम लहान झाली, टाके गेले, काम पंधरा-वीस मिनिटांवर आलं. भीती मात्र राहिली. दुखत नाही म्हणजे भ्यायचं कारण नाही, असं आम्ही थिएटरवाले धरून चाललो, आणि चुकलो.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं शाळेतल्या शिबिरांची होती. बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या, आणि चौथीच्या वर्गाचा वॉर्ड व्हायचा. फळ्यावर कालचा सुविचार तसाच असायचा. तेव्हा शिबिरात भिंग बसवत नसत. जखम मोठी असायची, म्हणून डोकं हलू नये यासाठी दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत आणि रुग्णाला दिवसेंदिवस उताणं पडून राहावं लागे. पुढे जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्रास खूप होता. पण बाहेर व्हरांड्यात मुलगा बसलेला असे, सून भाकरी घेऊन आलेली असे, शेजारच्या सतरंजीवर गावातलाच माणूस असे. रात्री कुणी कण्हलं तर अंधारातून ओळखीचा आवाज येई, "आबा, मी हाय हितंच."

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ सालचा. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. पुढे शाळेतल्या शस्त्रक्रिया थांबल्या. गावात फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशनला रुग्ण मोठ्या दवाखान्यात न्यायचा, अशी पद्धत आली. आपल्या जिल्ह्यात जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने श्री गणपती नेत्रालय उभं राहिलं. हा बदल योग्यच होता. शाळेच्या वर्गात जंतुसंसर्ग टाळता येत नाही, आणि संसर्ग झालेला डोळा वाचणं फार कठीण. पण त्या बदलात आपला व्हरांडा गेला. गाडी भरून म्हातारी माणसं शहरात येतात. घरचं कुणी सोबत नसतं. कपाळावर किंवा मनगटावर नावाची पट्टी लागते, कोणता डोळा त्याची खूण होते, आणि माणूस रांगेत बसतो. डोळा सुरक्षित झाला, माणूस एकटा पडला. व्हरांड्याची ती जागा कुणी तरी भरायला हवी, एवढंच माझं सांगणं आहे.

या माणसांना कशाची भीती वाटते? दुखेल याची असते, पण ती सगळ्यांत मोठी नव्हे. खेड्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की डॉक्टर डोळा बाहेर काढतात, धुतात आणि परत बसवतात. बशीत ठेवतात, असंही मला एका आजोबांनी सांगितलं होतं. हा समज मनात घेऊन माणूस टेबलावर चढत असेल तर त्याच्या धैर्याला नमस्कार करायला हवा. तेव्हा डोळा जागचा हलत नाही, डोळ्यातलं धुरकटलेलं भिंग तेवढं काढतात आणि त्याच जागी नवं बसवतात, हे आधी सांगितलंच पाहिजे. मी कंदिलाचं उदाहरण द्यायची. काच काजळली म्हणून कुणी कंदील फेकत नाही, काच बदलतो.

दुसरी भीती आणखी जवळची. एकदा एक आजी थिएटरच्या दारात अडून बसल्या. ऑपरेशनला त्यांची ना नव्हती. बांगड्या काढायला सांगितलं होतं. नवरा घरी आजारी, आणि भरल्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या म्हणजे त्यांच्या मनाला काय वाटलं असेल ते इथल्या बायकांना सांगायला नको. मी कापूस घेतला, बांगड्यांवर गुंडाळला, वरून चिकटपट्टी लावली. आजी उठल्या आणि आपल्या पायांनी टेबलाकडे गेल्या. दोन मिनिटांचं काम. तसंच फेट्याचं आणि टोपीचं. जन्मात चारचौघांत उघड्या डोक्याने न वावरलेल्या माणसाची टोपी आपण काढतो आणि हिरवी टोपी घालायला विसरून त्याला तासभर बाकावर बसवतो. तो गप्प बसतो, पण आतून मोडतो.

तिसरी गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण सांगते. टेबलावर चुळबुळ करणाऱ्या दहा म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांना फक्त लघवीला लागलेली असते. सकाळपासून रांगेत असतात, कुणाला विचारावं कळत नाही, बाईमाणसाला तर लाजच वाटते. डॉक्टरांना वाटतं रुग्ण घाबरला, भूल कमी पडली. म्हणून आत घेण्याआधी प्रत्येकाला मोरीचा रस्ता दाखवावा, विचारत बसू नये. गुडघे दुखणाऱ्याच्या गुडघ्यांखाली उशी द्यावी. थंडगार खोलीत अंगावर घोंगडी द्यावी, कारण कुडकुडणारा माणूस स्थिर राहू शकत नाही. दमेकऱ्याने आणि खोकला असलेल्याने आधी सांगावं आणि त्याला ते आपणहून विचारावं. हे सगळं भीतीवरचं औषधच आहे. शरीर अवघडलं की मन घाबरतं.

भीतीने डोळ्याचं काय बिघडतं, हेही थोडक्यात सांगते. माणूस घाबरला की नाडी आणि रक्तदाब चढतो. तो पापण्या आवळतो, श्वास कोंडतो. त्याने डोळ्यातला दाब वाढतो आणि आतले भाग पुढे रेटले जातात. ज्या पिशवीत नवं भिंग बसवायचं असतं तिचा मागचा पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका पातळ असतो, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. त्या वेळी रुग्णाने डोकं झटकलं तर पापुद्रा फाटू शकतो. रक्तदाब फार चढला तर क्वचित डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो. आणखी एक नुकसान असं की सकाळी रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. तो माणूस घरी जातो आणि पुष्कळदा परत येत नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं आढळलं. म्हणजे तीनांतली दोन माणसं ज्या अंधारात बसली आहेत, तो पंधरा-वीस मिनिटांत दूर होणारा आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. निवृत्तीनंतर माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. कोणत्या क्षणी काय होतं ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. तरी आदल्या रात्री झोप लागली नाही. सकाळी माझा रक्तदाब मी कधी पाहिला नव्हता इतका चढलेला.

टेबलावर पडले. डोळ्याभोवती आयोडिनचं औषध लावलं, त्याने चरचरलं. मग चेहऱ्यावर कापड आलं. बावीस वर्षं मी ते कापड हजारो माणसांच्या तोंडावर पसरलं होतं, पण त्याच्याखाली पहिल्यांदाच होते. स्वतःचाच श्वास गरम होऊन परत तोंडावर येतो. नाकाशी हवेची नळी असूनही जीव घुसमटल्यासारखा होतो. पापण्या उघड्या ठेवायचा चिमटा बसला आणि मिटायची सोय संपली. जन्मभर काही नकोसं दिसलं की आपण डोळे मिटतो. तेवढा एक दरवाजा हातचा गेला की माणूस किती उघडा पडतो, ते मला त्या दिवशी कळलं.

वर सूक्ष्मदर्शकाचा प्रखर दिवा. थोड्या वेळाने त्या दिव्याचे तीन झाले. मग गुलाबी, मग निळं, मग विहिरीच्या तळाशी बसून वर पाहावं तसं हलणारं पाणी. थेंबांची भूल असली की रुग्णाला असे रंग आणि उजेड दिसतात. सिंगापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी यावर बराच अभ्यास केला आहे. काहींना त्या रंगांची गंमत वाटते, काहींना हलणारी औजारं दिसतात आणि ते घाबरतात. काय दिसू शकेल ते आधी सांगितलं तर ती भीती कमी होते. मी मात्र बावीस वर्षांत एकाही रुग्णाला हे सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. मी कायम कापडाच्या वरच्या बाजूला होते. ही माझी चूक आज या व्यासपीठावरून कबूल करते.

मशीनचा आवाज चढला. माझी मूठ वळली. तेवढ्यात कापडाखालून कुणी तरी माझी मूठ उघडली आणि आपली बोटं माझ्या बोटांत अडकवली. नव्याने लागलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "ताई, आता गार पाणी लागेल. मग आवाज वाढेल, त्याने काही होत नाही. मी पाच आकडे म्हणते, तुम्ही मनात म्हणा." गार पाणी लागलं. आवाज वाढला. तिने सांगितलं होतं तसंच झालं, आणि माझा खांदा आपोआप सैल पडला.

मित्रहो, या मुलीने मला 'घाबरू नका' असं एकदाही म्हटलं नाही. हाच माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे. 'घाबरू नका' हे औषध नाही. त्याने भिणाऱ्याला आपण भितो याची लाज वाटते, आणि तो गुरुजींसारखा गाडीतून उतरून जातो. 'आता असं होईल' हे औषध आहे. पुढचा क्षण ओळखीचा झाला की भीतीला धरायला जागा उरत नाही. डोळ्याजवळ भुलीचं इंजेक्शन देणार असतील तर सांगा, की सुई टोचेल, डोळा जड होईल, हलणार नाही, काही वेळ दिसेनासंही होईल, आणि भूल उतरली की परत येईल. हे न सांगता सुई दिली तर तो माणूस त्या अंधारात आपण आंधळे झालो असंच समजून पडून राहतो.

शब्द किती जपून वापरावेत याचा एक प्रसंग सांगते. एका दवाखान्यात, नाव घेत नाही, शस्त्रक्रिया चालू असताना सलाइनचा बाटला संपला. बाजूच्या माणसाने मागे वळून हाक दिली, "गेला! दुसरा आणा." टेबलावरच्या शेतकऱ्याने ऐकलं आणि समजला आपला डोळाच गेला. उठून बसायला निघाला. डॉक्टरांनी हात स्थिर ठेवला म्हणून निभावलं. टेबलावरचा माणूस जागा असतो, कान शाबूत असतात, आणि दिसत नसतं तेव्हा कान दुप्पट काम करतात. 'फार कडक आहे', 'फाटतंय बघ', 'हे काय झालं', अशी वाक्यं त्या खोलीत कुणी उच्चारू नयेत. फोन बाहेर ठेवावेत.

बोलणं कळायचं तर ते त्याच्या भाषेत हवं. आपल्या भागात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरच्या म्हातारीला आपली मराठी समजते, पण भ्यालेल्या माणसाला आईची भाषाच आधी समजते. मी त्यांच्या गोरमाटी बोलीतले मोजके शब्द शिकून घेतले होते. 'याडी', म्हणजे आई, अशी हाक मारली की आवळलेली मूठ सैल व्हायची. उर्दू बोलणाऱ्या आजींना 'अम्मा' म्हटलं की तसंच. ज्यांना ऐकू कमी येतं ते एरवी ओठ पाहून समजतात, कापड आलं की तीही वाट बंद. त्यांच्याशी खुणा आधी ठरवाव्यात. हात एकदा दाबला म्हणजे दुखतंय, दोनदा दाबला म्हणजे खोकला येतोय, डॉक्टर थांबतील. थांबवण्याची सत्ता आपल्या मुठीत आहे हे कळलं की बहुतेक जण ती वापरतही नाहीत.

हे माझं अनुभवाचं बोलणं झालं. अभ्यासही तेच सांगतात. २००१ साली कोरियातल्या परिचारिकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये रुग्णांचा हात धरून पाहिला. ज्यांचा हात धरला होता त्यांची चिंता कमी भरली, आणि भीतीसरशी रक्तात चढणारं अ‍ॅड्रिनलिनही त्यांच्यात कमी सापडलं. म्हणजे हात धरल्याचं रक्तात दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बफेलोचा एक अभ्यास छापून आला. डोळ्याच्या ऑपरेशनला आलेल्या वयस्क रुग्णांपैकी काहींना त्यांनी स्वतः निवडलेलं संगीत ऐकवलं, आणि त्यांचा चढलेला रक्तदाब खाली आला. अलीकडे पॅरिसमध्ये ३०९ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. संगीत ऐकणाऱ्यांत रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जाण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास चौथ्या हिश्शावर आलं.

यात 'स्वतः निवडलेलं' हे शब्द लक्षात घ्या. तिकडचं वाद्यसंगीत आणून इथे लावण्यात अर्थ नाही. आपल्या माणसाला हरिपाठ हवा असेल, कुणाला भारूड, कुणाला भीमगीतं, कुणाला कव्वाली. विचारावं आणि तेच हळू आवाजात लावावं. काहीच नको असेल तर शांतता द्यावी. आणि तोंडातल्या तोंडात नाम घेणाऱ्याला गप्प करू नये, फक्त ओठांबरोबर डोकं हलू नये एवढं सांगावं.

कुणी विचारेल, एवढं करण्यापेक्षा गुंगीचं औषध का देत नाहीत? देतात. फार भ्यालेल्याला भूलतज्ज्ञ हलकं औषध देतात आणि ते योग्यही असतं. पण म्हाताऱ्या शरीरात ते जपून द्यावं लागतं. श्वास मंदावू शकतो, माणूस गोंधळू शकतो. गुंगीत डुलकी लागलेला माणूस दचकून जागा झाला आणि डोकं उचललं, तर डोळ्यात औजार असतं. जागा, समजावलेला, कुणाचा तरी हात धरून पडलेला रुग्ण डॉक्टरांना त्यापेक्षा बरा.

दुसऱ्या डोळ्याबद्दलही सांगायला हवं. पहिला डोळा छान झालेली माणसं दुसऱ्या वेळी निर्धास्त येतात, आणि नंतर पुष्कळदा म्हणतात, "बाई, या टायमाला जास्त दुखलं." असं अनेक ठिकाणच्या अभ्यासांतही नोंदलं गेलं आहे. रुग्णाला वाटतं काही तरी बिघडलं. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं, पहिल्या वेळी मनाची जेवढी तयारी होती तेवढी दुसऱ्या वेळी नसते. म्हणून दुसऱ्या डोळ्याच्या वेळी समजावून सांगणं कमी करू नये.

पण हे समजावण्याचं काम कुणी करायचं? मदुराईला १९७६ साली डॉ. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झालेली होती, त्याच बोटांनी त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. तिथे खेड्यातल्या मुली निवडून त्यांना शिकवून तयार करतात, आणि रुग्णाला समजावून सांगणं हे त्यांच्यातल्या काहींचं पूर्ण वेळेचं काम असतं. डॉक्टर मोकळे झाले की जमेल तसं करायचं ते काम नव्हे. आपल्याकडेही ते तसंच व्हायला हवं.

हाताबद्दल आणखी एक उदाहरण, आपल्या मराठवाड्यातले डॉ. तात्याराव लहाने. लातूर जिल्ह्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नावारूपाला आले, २००८ साली पद्मश्री झाले. त्यांनी बाबा आमट्यांच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी मोतीबिंदूची शिबिरं घेतली. त्या कामाचं महत्त्व मी परिचारिका म्हणून सांगते. कुष्ठरोगाने ज्याच्या हातांतली संवेदना गेली, त्याला गरम तवा आणि थंड तवा स्पर्शाने कळत नाही. त्याला सांभाळणारे त्याचे डोळेच. दृष्टी गेली तर तो दोन्हीकडून अंधारात जातो. अशा माणसाचा हात धरला तर त्याला कळणारही नाही. म्हणून स्पर्श जिथे कळतो तिथे हात ठेवायचा, दंडावर किंवा खांद्यावर. पण ठेवायचा. ज्यांना शिवायला माणसं भीत होती, त्यांच्या बाबतीत या हाताचा अर्थ फार मोठा असतो.

आता शेवटचं मागणं. दवाखान्यांना माझी विनंती, थिएटरमध्ये प्रत्येक टेबलाशी हात धरायला एक माणूस नेमा. ते काम मावशी करू शकतील, शिकाऊ मुली करू शकतील. त्याला यंत्र लागत नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना विनंती, तपासणीच्या दिवशीच दहा मिनिटं काढून टेबलावर काय काय होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा. आणि ज्याचं ऑपरेशन झालं आहे अशा गावातल्याच एका माणसाला शेजारी बसवा. "मी करून आलो, डोळा काढत नाहीत," हे त्याच्या तोंडून ऐकलेलं आमच्या शंभर वाक्यांपेक्षा पटतं.

आणि तुम्हाला, घरच्यांना. आईवडील ऑपरेशन नको म्हणाले तर 'हट्टी आहेत' म्हणून सोडून देऊ नका. मोतीबिंदू अजून पिकू दे, हिवाळा येऊ दे, या सबबींमागे काय आहे ते विचारा. आजच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, कोणताही महिना चालतो. त्या सबबींमागे बहुतेक वेळा भीती असते, आणि ती बोलून दाखवायला त्यांना जागा हवी असते.

गुरुजींना ती जागा मिळाली नाही. अंबडच्या त्या चहाच्या थांब्यावर त्यांच्या शेजारच्या आसनावर कुणी ओळखीचं बसलेलं असतं, तर माझी खात्री आहे, ते उतरले नसते आणि शेवटची चार वर्षं त्यांनी पेपर वाचला असता.

शिबिराची गाडी पुन्हा येईल. घरचं माणूस तिच्यात बसवाल तेव्हा एक जण सोबत द्या, आणि पुढे काय काय होणार आहे ते गाडी सुटण्याआधी त्याला सांगा.